सम्राटाचा धुरा

सम्राट अशोक पहिल्याच फेरीत गेला. अतुलनं वहीत त्याचं नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"चिठ्ठी तुही निंगाली म्हनून," कैलाश म्हणाला. "नाही तं मीच घेतलो असतो."

समाजमंदिराच्या पायरीवर बसून हे दोघे मित्र एक देश चालवायला माणसं निवडत होते. देश अस्तित्वात नव्हता, पण ती अडचण दोघांनीही मानली नव्हती. क्रिकेटच्या संघासारखी, फेरीत पहिला कोण हे चिठ्ठीनं ठरवून, आळीपाळीनं निवड करायची, इतिहासातून आपलं मंत्रिमंडळ उभं करायचं, आणि एकदा गेलेला माणूस दुसऱ्याला मिळायचा नाही, असा खेळ होता. ज्यांची गावात जयंती निघते ते खेळाच्या बाहेर, हा पहिला नियम. त्यांना एकानं घेतलं तर दुसऱ्यानं कोणत्या तोंडानं खेळायचं?

कैलाशनं अकबर घेतला. अतुलनं रस्त्यांसाठी शेरशाह घेतला. तिसऱ्या फेरीत कैलाशनं मधेच हात वर केला आणि चिठ्ठी न पाहता मलिक अंबर उचलला.

"आता जमीन महसुलाले मी कोन घेऊ?" अतुलनं विचारलं.

"तोडरमल घे. रिकामाच हाये."

अतुलनं नाइलाजानं राजा तोडरमल घेतला. संरक्षणाला चांदबिबी आली. ह्युएन त्संग बाहेरच्या देशातून आलेला, म्हणून परराष्ट्र खातं त्याला. कृषी खात्यापाशी मात्र पेन थांबला.

"सुचून नाही राहिलं कोनी."

"रिकामं ठेव," कैलाश म्हणाला. "सरकारात राहतेत रिकाम्या जागा."

पानाच्या तळाला अतुलनं 'निवड: अतुल' असं लिहिलं, आणि देश बंद करून वही घरी नेली. त्याच पानाच्या पाठीमागे गावच्या मंडईच्या कमिटीची नावं होती.

दिवाळी झाली की भंडाऱ्याच्या या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, संध्याकाळी नाटक, घरोघरी पाहुणे, आणि पाहुण्यांमध्ये लग्नाची मुलं-मुली. शहापूरच्या पलीकडच्या या गावात मागच्या वर्षी मंडई झालीच नव्हती. बॅनरवर उपाध्यक्षाचं नाव अध्यक्षाच्या डोक्याइतक्या उंचीवर आलं, यावरून भांडण पेटलं आणि नाटक कंपनीची गाडी अर्ध्या रस्त्यातून परत गेली. यंदा बॅनरचं काम अतुलकडे होतं, कारण यंदा तो सचिव झाला होता. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं पद.

या पदावर त्याच्या आईची, धुरपताबाईची, सगळी भिस्त होती. अतुल तीन एकर धान करायचा, आणि चांगलं करायचा. पण आतापर्यंत दोन ठिकाणचे पाहुणे 'पोरगा शेती करते' एवढं ऐकून चहा पिऊन उठले होते. दोघांनाही एकाएकी बस आठवली होती. म्हणून तुमसरच्या टिकारामजींना निरोप धाडताना धुरपताबाईनं शेतीचा शब्द काढला नाही. "पोरगा कमिटीत सचिव हाये. बॅनरवर नाव राहते त्याचं," असं कळवलं. टिकारामजी मंडईच्या दिवशी मुलीला घेऊन येणार होते.

अतुलनं वहीच्या पानाचा फोटो भंडाऱ्याच्या फ्लेक्सवाल्याला पाठवला. कोणत्या बाजूचा, हे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी धानाचे भारे वाहत असताना फ्लेक्सवाल्याचा फोन आला.

"भाऊ, मागच्या सालची डिझाइन हाये. त्याच्यातच नावं टाकू ना?"

"टाक."

"क्रम हाच ठेवू का?"

"क्रम बिलकुल हलवू नको," अतुल म्हणाला. "क्रमावरूनच मंडई मोडली होती."

फ्लेक्सवाला सरळ माणूस होता. त्यानं क्रम हलवला नाही.

मंडईच्या सकाळी चौकात बॅनर चढला आणि चौक माना वर करून वाचू लागला. फोटो मागच्या वर्षीचेच होते, नावं नवीन होती. सगळ्यात वर काळा चष्मा लावून, कानाला मोबाईल धरून, गेली नऊ वर्षं अध्यक्ष असलेले खुशालभाऊ उभे होते. त्यांच्या खाली लिहिलं होतं: अध्यक्ष, सम्राट अशोक. उपाध्यक्षाच्या जागी शेरशाह सूरी. सचिव, राजा तोडरमल. मंडप व्यवस्था पाहणाऱ्या गोपीचंदच्या झुपकेदार मिशांखाली चांदबिबी. भोजन व्यवस्था, ह्युएन त्संग. अगदी तळाला, बारीक अक्षरात: निवड, अतुल.

गोपीचंद हातात दोरी घेऊन बराच वेळ वर पाहत राहिला.

"अतुल, चांदबिबी कोन होती गा?"

"अहमदनगरचा किल्ला लढवला तिनं."

"किल्ला पडला का मंग?"

"ती होती तोपर्यंत नाही."

"मंग राहू दे," असं म्हणून गोपीचंद मंडपाच्या खांबाकडे गेला, आणि त्या दिवशी त्यानं दोर नेहमीपेक्षा घट्ट बांधले.

तेवढ्यात खुशालभाऊ मोटरसायकलवर आले. त्यांच्याशी बोलायला अतुलला एरवीही भीती वाटायची. त्यांची धानाची बांधी अतुलच्या बांधीला लागून होती आणि मधला धुरा, म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध, दर पावसाळ्यात जरासा अतुलकडे सरकायचा. मातीच ती, सरकते, असं खुशालभाऊ म्हणत. नऊ वर्षांत ती एकदाही उलटी सरकली नव्हती.

"हा फोटो कोनाचा हाये?" खुशालभाऊंनी विचारलं.

"तुमचाच जी."

"आन् नाव?"

"सम्राट अशोक."

"मंग मी कोन?"

अतुलनं वहीपासून फोनपर्यंत सगळं सांगितलं. खुशालभाऊंनी ते ऐकून घेतलं आणि गाडी स्टँडवर लावली.

"राज्य केवढं होतं त्याचं?"

"अफगाणिस्तानापासून खाली कर्नाटकापर्यंत."

"आन् हा शेरशाह? उपाध्यक्षवाला?"

"तो लय मागून आला जी. तुमचा नंबर पहिला होता. पहिल्या फेरीत घेतलो मी तुमाले."

खुशालभाऊंनी रुमाल काढला, हात उंच करून बॅनरवरच्या आपल्या चष्म्याची धूळ पुसली, आणि म्हणाले, "आता बदलायले टाइम नाही. राहू दे."

उपाध्यक्षही आले आणि वाचून गेले. सम्राट अशोकाच्या खाली आपलं नाव का, हे विचारण्याची सोय कोणालाच नव्हती. दुपारपर्यंत पोरं खुशालभाऊंना सम्राट म्हणू लागली आणि खुशालभाऊ ओ देऊ लागले. चालही थोडी मंदावली. रस्त्यात बसलेल्या कुत्र्याला त्यांनी लाथ मारली नाही, वळसा घातला.

सगळं गाव निवांत झालं. फक्त धुरपताबाई बॅनरखाली उभी होती. तिला वाचता येत होतं.

"तुया नावापुढं सचिव कुठं हाये रे?"

"ते तोडरमलकडे गेलं माय."

"त्याले कोनती पोरगी पाहाची हाये?" धुरपताबाई म्हणाली, आणि समोरून पाहुणे आले.

टिकारामजींनी तीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात जमिनी मोजल्या होत्या. चालतानाही ते पावलं सारखी टाकत. सोबत त्यांची मुलगी गुंजन होती. तुमसरला राईस मिलमध्ये ती तांदळाचे नमुने तपासायची. टिकारामजींनी चष्मा लावून बॅनर वरून खालपर्यंत वाचला.

"सचिव राजा तोडरमल," ते म्हणाले. "पोराचं नाव तं अतुल सांगतलं होतं."

"खाली हाये जी, खाली," धुरपताबाईनं बोट दाखवलं.

"निवड, अतुल. म्हंजे हे लोकं तुमी निवडले?"

"हो जी," अतुल म्हणाला. खोटं बोलण्याची जागाच उरली नव्हती.

टिकारामजी गंभीर झाले. "जमीन महसुलाले तोडरमल काहून? मलिक अंबर काहून नाही? आपल्या इकडची माती त्याले मालूम होती."

"तो कैलाशनं घेतला. तिसऱ्या फेरीत."

टिकारामजी शेजारी उभ्या कैलाशकडे वळले. त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमचं लगन झालं का?"

"झालं जी. दोन लेकरं हायेत."

टिकारामजींनी मोठा श्वास सोडला. धुरपताबाईनं अतुलला कोपरानं ढोसलं.

"कैलाश, मलिक अंबर दे न," अतुल म्हणाला.

"देतो. अशोक दे."

"मी कुठं जाऊन नाही राहिलो," मागून खुशालभाऊ म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले, कोणाला कळलं नव्हतं. "कैलाशच्या देशात तं बिलकुल नाही."

मग गुंजननं विचारलं, "कृषी खातं कोनाकडे हाये?"

"रिकामं हाये," अतुल म्हणाला.

"धानाच्या गावाचा देश, आन् कृषी खातं रिकामं?"

"लय पाहिलं. राजे सापडले, सेनापती सापडले. पन शेती करनाऱ्याचं नाव कोनं लिवून नाही ठेवलं."

गुंजननं त्याच्या हातांकडे पाहिलं. कापणीनंतरचे ते हात सचिवाचे वाटत नव्हते.

"तुमच्या घरी शेती कोन करते?"

धुरपताबाई बॅनरकडे पाहू लागली. अतुल म्हणाला, "मीच. तीन एकर धान हाये. सचिव मी महिनाभरापासून आहो. शेती दहावीपासून करून राहिलो."

"तुमसरची बस साडेचारले हाये जी," धुरपताबाई हळूच म्हणाली. या वेळी ती पाहुण्यांवर बस आठवण्याची वेळ येऊ देणार नव्हती.

पण टिकारामजी बसबद्दल बोलले नाहीत. "मोजली हाये का कधी?"

"काय जी?"

"जमीन. पोरगं मंग पाहू. आधी वावर दाखवा."

वावर दाखवायला चौघं निघाले. मागून कैलाश आला, गोपीचंद आला, मंडईला आलेले पंधरावीस पाहुणे आले आणि सगळ्यांत पुढे, आपलीच जमीन असल्यासारखे, खुशालभाऊ. टिकारामजींनी अतुलच्या फोनवर नकाशा पाहिला आणि कापलेल्या धानाच्या धसकटांतून पावलं टाकायला सुरुवात केली. त्यांचं पाऊल तीस वर्षांत एकदाही लहानमोठं पडलं नव्हतं. शेवटी ते धुऱ्यापाशी थांबले.

"तीन पावलं कमी भरून राहिलं."

"कुठं गेले?" गुंजननं विचारलं.

"धुऱ्याच्या पलीकडं."

"पलीकडं कोन हाये?"

सगळ्यांनी खुशालभाऊंकडे पाहिलं. एरवी त्यांनी मातीच ती, सरकते, असं म्हटलं असतं, आणि गावानं ते ऐकलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही.

"कलिंगानंतर अशोकानं दुसऱ्याची जमीन घेनं सोडलं होतं," अतुल खाली पाहत म्हणाला. "पुस्तकात हाये."

"नसन जमत तं राहू द्या," कैलाश म्हणाला. "मी घेतो अशोक. शेरशाहले करा वर."

खुशालभाऊंनी चष्मा काढला. ऊन आलं म्हणून किंवा दुसऱ्या कशानं, त्यांचे डोळे बारीक झाले. नऊ पावसाळ्यांचा धुरा त्यांच्यासमोर सरळ पडला होता.

"फावडं आन गा गोपीचंद," ते म्हणाले.

पहिला घाव त्यांनी स्वतः घातला. पुढची माती पोरांनी ओढली. टिकारामजी तीन पावलं मागे जाऊन उभे राहिले आणि नवा धुरा आपल्या चपलेच्या रेषेत येतो का, ते पाहत राहिले.

गुंजननं धसकटातून सुटलेली एक लोंबी उचलली, दाणे तळहातावर सोलले आणि एक दाताखाली धरला. अतुल तिच्या तोंडाकडे पाहत उभा होता. असे नमुने ती रोज नापास करते, हे त्याला आत्ताच आठवलं.

"सुकला बराबर हाये," ती म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "बाबा, साडेचारची बस जाऊ द्या."

"तोडरमल चालन का तुले?"

"तोडरमलचं तुमी पाहा. कृषी खातं भरलं समजा."

त्या वर्षी मंडई भांडणाशिवाय पार पडली. लग्न चैत्रातलं ठरलं. बॅनर मात्र मंडईनंतर कोणी गुंडाळला नाही. दुसऱ्याच सकाळी धुरपताबाईनं तो मागून घेतला, बांधीच्या कडेला दोन बांबू रोवले, आणि नव्या धुऱ्यावर तो ताणून बांधला, सम्राटाचं तोंड पलीकडे करून.