चौथा कोपरा

"फ्रेम मी करतो," असं मी म्हणालो तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. माझ्याच शर्टाची एक बाही तिच्या हातात तशीच लोंबत राहिली.

"म्हणजे करून आणता?"

"नाही. करतो. मी. स्वतः."

आमच्या घरात मी काही करतो म्हटलं की आधी अशीच शांतता पसरते. (मागे एकदा मी नळ दुरुस्त केला होता. त्यानंतर प्लंबर आला, आणि त्याच्याही आधी खालच्या मजल्यावरचे डॉक्टर छत्री उघडून वर आले. पाऊस त्यांच्या बैठकीत पडत होता.)

पण या वेळची गोष्ट नळाची नव्हती. सासरे जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं, आणि सासूबाई आता कायमच्या आमच्याकडे राहायला येणार होत्या. सासरे गेल्यापासून त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. फोनवर आम्ही पाच वाक्यं बोलावीत आणि पलीकडून एक "हं" यावा. घर सोडायचं का विचारलं तेव्हाही "हं", आणि कधी निघायचं विचारलं तेव्हाही "हं". बायको फोन ठेवायची आणि बराच वेळ फोनकडेच बघत बसायची. तिला एवढंच हवं होतं की आई आली की तिच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो असावा. परक्या घरात आल्यासारखं आईला वाटू नये.

मग ती फ्रेम मीच करायचा हट्ट का धरला, ते सांगायचं तर सासऱ्यांबद्दल सांगावं लागेल. ते अतिशय हरहुन्नरी गृहस्थ होते. पंखा, खुर्ची, घड्याळ, कुलूप, काहीही बिघडो, ते बाह्या सरसावून उभे राहायचे. मग जावई म्हणून मीही उठायचो. आणि मी अर्धवट उठलो की ते मागे न बघताच म्हणायचे, "जावईबापू, तुम्ही बसा." रागाने नाही, प्रेमानेच म्हणायचे. पण लग्नापासून ते जाईपर्यंत त्यांनी मला त्या घरात एक स्क्रू फिरवू दिला नाही. ते गेल्यावर मला कळलं की आता मी उठलो तरी ते वाक्य म्हणणारं कुणी नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

फोटोही एकच होता, निदान त्यात ते हसत होते असा. ते स्टुलावर चढून पडद्याचा दांडा बसवतायत आणि खाली बघून खदखदून हसतायत. खाली मी आहे. त्या दिवशी त्यांना स्टूल धरायला माणूस हवा होता आणि घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी जीव तोडून स्टूल धरलं. काम झाल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, आता माझा पाय सोडा." स्टूल धरण्याच्या भरात मी त्यांचं पाऊलही आवळून धरलं होतं. बायकोने बाहेरून येता येता नेमका तेव्हा तो फोटो काढला. पुढे तिचा तो मोबाइल हरवला आणि हाती उरली ती छापलेली एवढी एकच प्रत.

फ्रेमचं लाकूडही त्यांचंच. सासूबाईंचं सामान आवरताना माळ्यावर कापडात गुंडाळलेली मोल्डिंगची एक लांब पट्टी सापडली होती. गडद रंगाची, कडेला बारीक नक्षी. "कधीतरी लागेल" म्हणून त्यांनी ठेवलेली. तशी पट्टी आता कुठल्या दुकानात मिळत नाही, हे मी विचारून आलो होतो. म्हणजे फोटो एक, पट्टी एक, आणि करणारा मी.

शिकायला मी खालच्या डॉक्टरांकडे गेलो. हे दातांचे डॉक्टर. निवृत्त झाल्यावर लोकांची तोंडं मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांनी फ्रेमा करायला घेतल्या. काम तेच, असं त्यांचं मत. बारीक करवत, थोडी भुकटी, आणि फट राहता कामा नये. "फक्त लाकूड ओरडत नाही," ते जरा खिन्नपणे म्हणाले.

त्यांच्याकडे खाचा पाडलेली एक लाकडी पेटी होती. पट्टी पेटीत ठेवायची, करवत तिरक्या खाचेत घालायची आणि कापायचं. म्हणजे टोक बरोबर अर्ध्या काटकोनात कापलं जातं, आणि अशी दोन टोकं एकमेकांना भिडली की कोपरा तयार. मी काही संध्याकाळी टाकाऊ लाकडावर हात बसवला. कोपरे जमले. सुटे, देखणे, घट्ट कोपरे. मी ते वर आणून टीव्हीसमोर मांडून ठेवायचो.

"छान आहेत," बायको म्हणायची. "पण यांत फोटो कुठे बसणार?"

डॉक्टरही म्हणाले होते, "एक कोपरा कुणालाही जमतो. चौथ्यापाशी भेटू." मला वाटलं, ते चहाला बोलावतायत.

सासूबाई यायच्या त्या रविवारी मी सकाळीच हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली. बायकोचा भाऊ आईला संध्याकाळी आणून सोडणार होता, म्हणजे वेळ भरपूर होता. फोटो मापून मी पट्टीचे चार तुकडे कापले आणि जमिनीवर जुळवले. पहिला कोपरा बसला. दुसरा बसला. तिसराही असा बसला की मला सासऱ्यांना हाक मारून दाखवावंसं वाटलं. चौथा उघडाच राहिला.

"जमलं?" बायकोने आतून विचारलं.

"तीन जमले."

"आणि चौथा?"

"चौथा जरा उघडा आहे."

ती बाहेर आली, वाकली आणि फटीत बोट घालून बघितलं. "माझं बोट जातंय की हो."

"तुझी बोटं बारीक आहेत."

कोन चुकला, असं मी ठरवलं. (ऑफिसातही काही बिघडलं की मी आधी समोरच्याला दोषी ठरवतो. वेळ वाचतो.) मी चौथ्या कोपऱ्याचं एक टोक पुन्हा पेटीत घातलं आणि चिमूटभर कापलं.

"आता?"

"आता बोट जात नाही."

"मग झालं की!"

"बाकीच्या तिन्हींतून जातं."

मग त्या तिघांना समजावायला म्हणून मी त्यांची टोकं थोडी थोडी कापली. ते जुळले तर चौथा पुन्हा रुसला. त्याची समजूत काढली तर दुसरा फिरला. प्रत्येक वेळी चिमूटभरच. पण हळूहळू वर्तमानपत्रावर सासऱ्यांच्या पट्टीचा भुसा वाढत गेला आणि चौकट लहान होत गेली. दोन्हीकडे मी बघायचं टाळलं. हे लाकूड त्या माणसाने जपून ठेवलं होतं, आणि मी ते माझ्या आंधळ्या हौसेपायी भुसा करून उडवत होतो. बायको दारात उभी होती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती.

"डॉक्टरांना बोलावते," ती म्हणाली.

डॉक्टर चष्मा पुसत वर आले, गुडघ्यांवर बसले आणि चौथ्या कोपऱ्याकडे बराच वेळ टक लावून बघत राहिले.

"केव्हापासून आहे?"

"सकाळपासून."

"हं." त्यांनी कोपऱ्याला हातही लावला नाही. समोरासमोरच्या दोन पट्ट्या उचलल्या आणि पाठीला पाठ लावून उभ्या धरल्या. एकीचं डोकं दुसरीपेक्षा वर आलं होतं. "कोन झकास आहेत तुमचे. पट्ट्याच लांब-आखूड आहेत. समोरासमोरच्या दोघी सारख्या नसतील, तर कोन कितीही चांगले कापा, चौथा कोपरा तोंड वासणारच. पहिल्या तिघांची चूक त्याच्या वाट्याला येते. तुम्ही जिथे दुखतंय तिथेच कोरत बसलात. कापल्यावर दोघी ताडून नाही का पाहिल्या?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. इथे माझ्या नोकरीविषयी सांगणं भाग आहे. माझं काम मूळ कागद आणि त्याची नक्कल शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहणं हे आहे. दिवसभर मी तेवढंच करतो. त्यासाठी मला बढतीही मिळाली आहे.

डॉक्टरांनी पेटीत एक ठोकळा ठोकून बसवला. त्याला टेकवून पट्टी कापली की प्रत्येक जोडी आपोआप सारखी. मी श्वास रोखून शेवटचं कापलं. चारही कोपरे मिटले. फटीत बोट काय, नखही जाईना. आनंदाने माझे डोळे भरून आले आणि मी म्हणालो, "आण तो फोटो."

बायकोने फोटो आणून चौकटीवर ठेवला. वरखाली पांढरी कड होती, ती झाकली जात होती. पण रुंदीला फोटो चौकटीपेक्षा चार बोटं जास्त होता.

पट्टीचा उरलेला तुकडा मी मुठीत धरून बघितला. मुठीतच मावत होता.

"एका बाजूने कमी करावं लागेल," डॉक्टर हळूच म्हणाले. "एखादा काढला की बाकीचे नीट बसतात."

आम्ही फोटो पाहिला. डावीकडे पडद्याचा दांडा आणि तो पेलणारा बाबांचा हात. मध्ये बाबा. उजवीकडे मी. बायकोने विचार करायला जेमतेम एक श्वास घेतला. (लग्नाला होकार द्यायला तिने दोन महिने घेतले होते.)

"हे जातील," ती म्हणाली.

ती कात्री घेऊन आली, माझ्या मनगटापाशी नेली आणि तिथेच थांबली. मग कात्री खाली ठेवली.

"कापायचं नाही," ती म्हणाली. "दुमडू या. दिसले नाहीत तरी चालेल, पण आत असू देत."

मी मान हलवली. तिने मला मनगटापासून अलगद मागे दुमडलं. फोटोत स्टूल आणि बाबांचं पाऊल घट्ट धरलेले दोन हात तेवढे उरले.

आता गोंद. तो वाळेपर्यंत चारही बाजूंनी सारखा दाब हवा, डॉक्टर म्हणाले, एखादा पट्टा आवळा. घरातल्या दोऱ्या निसटत होत्या. शेवटी मी कमरेचा पट्टा काढून चौकटीभोवती आवळला. अगदी शेवटच्या भोकात का होईना, पण पुरला. माझ्या कमरेचा घेर आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडला होता.

तेवढ्यात बेल वाजली.

"रस्ता मोकळा मिळाला!" मेहुणा दारातून म्हणाला. मागे सासूबाई होत्या, किती वाळलेल्या. मी डाव्या हाताने पॅन्ट धरून पुढे झालो आणि उजव्या हाताने त्यांची पिशवी घेतली. मेहुण्याने दुसरी पिशवी पुढे केली. ती मी घेतली नाही. त्याला माझा उद्धटपणा वाटला असणार, पण घेतली असती तर त्याहून वाईट झालं असतं.

सासूबाई हॉलमध्ये आल्या. भुसा, करवत, गुडघ्यांवर बसलेले अनोळखी डॉक्टर आणि पट्ट्यात जखडलेली चौकट हे सगळं त्यांनी पाहिलं. मग त्या आपल्या खोलीत जाऊन पलंगावर बसल्या. समोरची भिंत रिकामी होती. बायको स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली.

संध्याकाळपर्यंत गोंद वाळला. मेहुणा परत गेला होता, डॉक्टर खाली गेले होते. मी पट्टा सोडवला (तो चौकटीने ठेवून घ्यावा असंच मला वाटत होतं, इतका मी धास्तावलो होतो), पण कोपरे सुटले नाहीत. काच, फोटो, मागे पुठ्ठा, सगळं बसलं. मी स्वतःच खिळा ठोकला आणि फ्रेम टांगली.

सासूबाई फोटोसमोर उभ्या राहिल्या. बायकोने माझा दंड धरला होता. मग सासूबाईंनी काचेवर, त्या दोन हातांवर, बोट ठेवलं.

"यात तुम्ही होतात ना?"

"आहे," मी म्हणालो. "मागे दुमडलोय."

त्या पुन्हा बघत राहिल्या. ओठांच्या कोपऱ्याशी काहीतरी हललं. "पाय मात्र अजून सोडला नाहीत."

बायको हसली आणि लगेच रडायला लागली, आणि सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. फोटो भिंतीवर जरासा कललेला होता. बायकोचं लक्ष जायच्या आत नीट करावा म्हणून मी हातोडी उचलून पुढे सरकलो.

"जावईबापू, तुम्ही बसा."

तोच सूर, आणि मागे न बघताच म्हणण्याची तीच पद्धत. मी मुकाट्याने पलंगावर बसलो. सासूबाईंनी कोपऱ्यातलं बुटकं स्टूल ओढलं, पदर खोचला आणि बायको "अगं आई, अगं आई" करत असतानाच त्या वर चढल्या. स्टूल डुगडुगलं.

"आई, मी धरू का?" मी घाबरत विचारलं.

सासूबाईंनी वरून माझ्याकडे पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"धरा," त्या म्हणाल्या. "पण फक्त स्टूल."