बाक उन्हात नेल्याची कैफियत

सकल वाचकांस विदित व्हावे जे, मोठाल्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले. परंतु एक लाकडी बाक गल्लीच्या या कडेहून त्या कडेस, सावलीतून उन्हात, कैसा नेला याची साद्यंत हकीकत कोणी लिहिली नाही. ती येथे लिहिली असे. जे घडले तेच लिहिले. कोठे पदरचे पडले असेल, तर माणसे आपली होती म्हणोन पडले.

डोंगरावर शापित गढी होती. आत ना धनी, ना चाकर. वटवाघळेदेखील कंटाळोन निघोन गेलेली. परंतु तिची सावली मोठी मुजोर. सूर्य कोठेही असो, ती गावावरच पडे, आणि दरसाल थोडी पुढे सरके, आणि तिच्यात जे फार काळ स्वस्थ बसे त्याचा दगड होई; आणि जितके दगड होत, तितके नवे चिरे गढीच्या तटात आपोआप चढत. याप्रमाणे गावचे उंबरे गेले, पायऱ्या गेल्या, विहिरीचा रहाट गेला. एक निवृत्त जमादार बुद्धिबळाची पुढील चाल सुचेना म्हणोन बसले, ते बसलेच. हल्ली लोक त्यांच्या कोपरास छत्र्या अडकवीत. भिंत कोसळली तरी लोक "चालायचंच" म्हणत आणि दुसऱ्या भिंतीस टेकत.

ऐशा गावी एका घरच्या थोरल्या लेकीचे वडील वारले, आणि आईसाहेबांनी दारातील बाकावर ठाण मांडिले. बाक वडिलांच्या हातचा. ते शिंपी, सुतारकामाचा शौक दांडगा, गती बेताची. सावली बाकापाशी आली, मग बाकावर चढली, तरी आईसाहेब हलेनात. मग एके सकाळी त्यांच्या पायांस तेल चोळताना लेकीच्या बोटांस करंगळी लागली, ती गार आणि खरखरीत, पायरीच्या कडेसारखी. लेकीने तेल पुरते जिरविले, बाटलीस बूच लाविले, आणि मोहिमेचा निश्चय केला.

प्रथम सामोपचार. मामासाहेबांस वकिलीस धाडिले. त्यांनी अर्ज केला जे, ताई, हट्ट सोड, आत चल. आईसाहेबांचा जबाब आला: "चहा झाला का तुझा? झाला ना? मग नीघ."

मग वैद्यराजांनी फर्माविले जे, यांस औषध नको, ऊन पाहिजे. त्यावर हुकूम जाहला: "मग ऊन येऊ दे की इकडे. मी काय त्याला नको म्हटलंय?"

वैद्यराज नामोहरम होऊन परतले. तेव्हां लेकीने खलबत केले, की आईसाहेब बाक सोडीत नाहीत, तर बाकच आईसाहेबांसुद्धा उचलावा. मग फौज जमविली: लोहार पहारेनिशी, पावभट्टीवाली मावशी आपल्या दोन दंडांनिशी, आणि मामासाहेब केवळ आरडाओरड्यासाठी. ऐन दोनप्रहरी, सावली जरा सुस्तावते त्या समयी, हल्ला केला.

गढी सावध जाहली. सावलीने बाकाचे पाय घट्ट धरिले आणि गल्लीत हिवाळ्यासारखा गारठा सुटला. लोहाराने पहार घातली, मावशीने खांदा दिला, मामासाहेब "हां, हां, जपून!" ऐसे लढले, आणि लेक दात आवळोन बाकास बांधिलेली दोरी ओढीत राहिली. बाक वीतभर उचलला आणि कडाडकन मागला पाय निखळोन पडला. बाक कलला; आईसाहेब कलल्या; परंतु बैठक सोडिली नाही.

लोहाराने पाय उचलोन न्याहाळिला आणि हसू लागला. "अहो, हा उलटा बसवला होता! वरचं टोक खाली. कुठल्या शहाण्याने केलंय हे काम?"

लेकीने तोंड फिरविले आणि दोरीची गाठ तपासू लागली. गाठ उत्तम होती, तरी तपाशीत राहिली.

इतक्यात आईसाहेब उठल्या.

उठल्या, आणि लंगडत लोहारासमोर उभ्या राहिल्या, आणि बोलिल्या: "नावं ठेवायची तर मी ठेवीन. चाळीस वर्षं ठेवलीत. तुझं काय जातंय? आण तो पाय इकडे."

लोहार चाचरला. "काकू, चिडू नका हो. आता सरळ बसवून देतो की."

"सरळ कशाला? होता तसा बसव. उलटा! आणि तू गं, बघत काय उभी राहिलीस? धर त्या बाजूने. मावशी, तुम्ही मध्ये. या मामाला आधी गप्प करा कुणीतरी."

याप्रमाणे सरदारी आपोआप बदलली. पाय उलटा ठोकिला. वर कोणी बसलेले नाही म्हणोन सावलीची पकड ढिली पडली, आणि बाक उचलला, आणि स्वारी गल्ली ओलांडू लागली. आईसाहेब पुढे, दर पावली पायास मुंग्या येत, म्हणोन दर पावली मामासाहेबांस बोल लावीत. पलीकडे भट्टीच्या भिंतीपाशी उन्हाचा पट्टा होता. तेथे बाक टेकविला. सावली गल्लीच्या मध्यापर्यंत धावली आणि तेथेच थबकली.

आईसाहेब बसल्या. लेक समोर उकिडवी बसली आणि तिने करंगळी हाती घेतली. करंगळी लाल होती आणि गुदगुल्यांनी मागे सरली.

मग आईसाहेबांनी कपाळावर हात धरिला आणि तक्रार केली: "ऊन डोळ्यांत येतंय गं."

ती तक्रार मंजूर जाहली नाही. तोच दिवस फत्तेचा मानावा, ऐसे थोरल्या लेकीने ठरविले, आणि गावाने मान्य केले. गढीच्या तटात त्या साली नवा चिरा चढला नाही. इति बाकाची मोहीम सुफळ जाहली.