कर्फ्यूची व्युत्पत्ती

कर्फ्यूच्या तिसऱ्या दिवशी हेरंब उकिडव्यांनी जाहीर केलं, "मी हा कर्फ्यू मानत नाही!"

चंदीगडच्या विद्यापीठात ते इंग्रजी शिकवायचे. शब्दांची कुळं शोधण्यात त्यांची हयात गेली होती (स्वतःच्या मामेभावांची नावं मात्र बायकोला, वसुधाताईंना, विचारावी लागत). पंजाब पेटलेला, दुकानं बंद. समोरच्या घरात म्हाताऱ्या बीजी एकट्या. मुलगा लुधियान्यात अडकलेला. सकाळी त्यांनी खिडकीतून पिठाचा रिकामा डबा उलटा करून दाखवला होता. वसुधाताईंनी लगेच खिचडी टाकली. प्रश्न मधल्या वीस पावलांचा होता.

"मूळ फ्रेंच अर्थ 'विस्तव झाका'!" उकिडवे गरजले. "घंटा झाली की चुलीवर झाकण घाला, एवढंच! म्हातारीला उपाशी मारा, असं त्यात कुठंय?"

"मग जाऊन बाहेरच्या जवानांना सांगा," वसुधाताई म्हणाल्या. त्यांना म्हणायचं होतं, आता पुरे. उकिडव्यांनी खिचडीचा डबा उचलला आणि निघाले.

फाटकाबाहेर पाऊल पडतं न पडतं तोच बंदूकवाला जवान आडवा आला. "कर्फ्यू का मतलब मालूम नहीं?"

वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं त्यांना असा प्रश्न विचारला नव्हता! डबा कुंपणाच्या भिंतीवर ठेवून उकिडव्यांनी दोन्ही हात मोकळे केले.

"देखिए, पहले आग थी..."

"आग? कहाँ लगी?" जवान दचकला.

"फ्रान्स में!"

"कब?"

"नौ सौ साल पहले!"

जवानानं टोपी मागे सरकवून डोकं खाजवलं. उकिडवे सुटलेच. चूल झाली, घंटा झाली, इंग्लंड झालं. शेवटी छाती पुढे काढून ते ओरडले, "मेरी गैस बंद है, मतलब मेरा कर्फ्यू पूरा! अब गोली मारो, नहीं तो रास्ता दो!"

आणि ऐटीत डब्याकडे हात नेला. भिंत रिकामी!

वसुधाताई समोरून रस्ता ओलांडून परत येत होत्या. डबा केव्हाच पोचला होता. हातात बीजींनी दिलेली लोणच्याची बरणी होती.

"मॅडम, ये आपके हैं?" जवानानं हलक्या आवाजात विचारलं.

"हो... हाँ जी."

"थाने नहीं ले जाता. यहाँ साइन कर दो." त्यानं वहीत लिहिलं होतं : 'मानसिक रोगी. पत्नि के हवाले किया.'

वसुधाताईंनी ओळ नीट वाचली, 'पत्नि'ची वेलांटी तेवढी दीर्घ केली आणि सही ठोकली.