वाघमारे सरांची तपासणी

वाघमारे सर कोणत्याही हॉटेलात शिरले की आधी संडासाजवळचं टेबल पाहतात. तिथलं गिऱ्हाईक खूश दिसलं तरच बसतात. यवतमाळकडे तीस वर्षं त्यांनी विस्तार अधिकारी म्हणून शाळा तपासल्या, आणि तपासणी शेवटच्या बाकापासूनच सुरू केली. पुढच्या बाकांवर काय, मास्तर हुशार पोरंच बसवतो.

सध्या ते आयर्लंडमध्ये लिमरिकला मुलाकडे आले आहेत, माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये. मुलगा-सून दिवसभर कामावर. नातीला मराठी समजतं. उत्तर मात्र 'ग्रँड', म्हणजे इथलं 'छान', एवढंच येतं. सुनेची पुरणपोळी असो, इथला उन्हाळा असो, सरांचा शेरा एकच : "सुधारणेस वाव आहे."

अशा माणसाच्या हाती एक नवा कोच लागला.

शेजारच्या मैदानावर कॉलेजचा गेलिक फुटबॉल संघ सराव करतो. हा फुटबॉल हातानंही खेळतात; सरांनी ते नोंदवून घेतलं आणि माफ केलं. डेक्लन नावाचा पोरगेलासा कोच नुकताच आला होता आणि संघ ओळीनं तीन सामने हरला होता. कठड्याला टेकलेल्या जुन्या चाहत्यांचा निकाल तयार होता.

"हा गडी ख्रिसमसपर्यंत टिकत नाही," निवृत्त पोस्टमन पॅट म्हणाला. "तुमचं काय मत?"

"टाचण पाह्यल्याशिवाय मत देत नसतो. सांग त्याले," सर मला म्हणाले.

टाचण म्हणजे मास्तरांनी धड्याची केलेली लेखी तयारी. हे पॅटला कसं सांगणार? मी म्हटलं, साहेब अभ्यास करताहेत.

मग दर मंगळवारी दुपारी कानटोपी, मफलर आणि वही. सरांनी सर्वांत शेवटच्या राखीव खेळाडूला गाठून विचारलं, कोच तुला नावानं हाक मारतो का? मारतो म्हणाला. लिहून घेतलं.

डेक्लनच्या हे लक्षात आलं. सराव संपला की तो सरळ सरांकडे यायचा आणि न विचारताच खुलासे द्यायचा : अमक्याला का बसवलं, तमक्याला का खेळवलं. सर "हं" म्हणायचे. तो लाल व्हायचा.

"सर, तो तुम्हाला कॉलेजच्या कमिटीचा माणूस समजतोय."

"माहीत हाये."

"मग सांगत का नाही?"

सरांनी मफलर घट्ट केला. "सांगतलं तर तो कायले येईन बाप्पा माझ्याशी बोलाले?"

चौथा सामनाही हरले. त्या मंगळवारी डेक्लननं खुलासा दिलाच नाही. "माझं काय ठरलंय?" एवढंच त्यानं विचारलं. सरांनी वही मिटली आणि आपल्या तपासणीच्या इंग्रजीत सांगून टाकलं, "आय अॅम नोबडी. रिटायर्ड."

डेक्लन पोट धरून हसला आणि निघून गेला.

"बरं झालं," परतताना सर म्हणाले. "पोराले झोप लागत नसन."

पुढच्या मंगळवारी त्यांना यायचंच नव्हतं. मी ओढून नेलं. सराव संपला. पॅट मंडळी पांगली. डेक्लननं चेंडूंची पिशवी गाडीत टाकली, डिकी बंद केली. सर घराकडे वळले.

तेवढ्यात तो कागदी कपांत चहा घेऊन आला. दोनच कप होते, म्हणून मी लांब उभा राहिलो. चांगला अर्धा तास.

"काय म्हणाला?" सर आल्यावर मी विचारलं.

"खेळाचं एक अक्षर नाही काढलं," सर म्हणाले. "शुक्रवारी त्याच्या मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन हाये. थे सांगत होता."