शेवटच्या तासाची लोकशाही

लोकशाही म्हणजे लोकांनी चालवलेलं राज्य, यावर पाश्चात्त्य विचारवंतांचं एकमत आहे. मतभेद आहे तो फक्त 'लोक' म्हणजे कोण, एवढ्या किरकोळ बाबीवर. राज्यशास्त्र विभागाने ही बाब एका बैठकीत, तीन चहांत निकाली काढली. (विभाग कौतुकास पात्र आहे. जगाला यासाठी अडीच हजार वर्षं लागली.)

विषय होता चार ते पाच हा शेवटचा तास कोणी घ्यायचा. तो आजवर धाकट्या बाईंकडे होता. बाई लोकशाहीचा इतिहास शिकवत. नोकरी कंत्राटी, मुलगी लहान आणि पाळणाघर पावणेपाचला बंद. पाळणाघरवाल्या ताई पहिले काही महिने चपला घालून दारात उभ्या राहिल्या, मग हातात कुलूप घेऊन. परवा त्यांनी सरळच सांगितलं, "बाई, एक तारखेपासून वेळेवर येणार नसाल तर दुसरीकडे बघा. मलाही घर आहे." मुलगी रिकाम्या खोलीत बूट घालून, दप्तर पोटाशी धरून बसलेली असे. ते बघून बाईंचा जीव तुटे. शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी तास बदलून मागितला.

विभागप्रमुख हाडाचे लोकशाहीवादी. नुसता हुकूम सोडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "लोकशाही शिकवणाऱ्यांनी लोकशाहीनेच ठरवलं पाहिजे," ते म्हणाले आणि चहा मागवला.

सुरुवात ग्रीकसरांनी केली. (प्राचीन काळ त्यांच्याकडे असल्याने हे नाव पडलं होतं. बाकी वागायला साधे.) त्यांच्या मते सगळ्यांत शुद्ध पद्धत म्हणजे सकाळचे चांगले तास चिठ्ठ्या टाकून वाटणं. बाईंना हायसं वाटलं. त्यांनीच चिठ्ठ्या फाडल्या, घड्या घातल्या, खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकल्या. मग ग्रीकसरांनी चष्मा पुसत खुलासा केला, की त्या काळी चिठ्ठीत नाव फक्त नागरिकाचं पडे. बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले यांचं नसे.

"तुम्ही बाई, त्यात कंत्राटी. मला व्यक्तिशः फार वाईट वाटतं हो."

तीन चिठ्ठ्या, तीन सर, तीन चांगले तास. चौथा तास कोणाचा, हे सांगायला चिठ्ठीची गरज उरली नाही.

"पण या पद्धतीला मी कधी संमती दिली?" बाई म्हणाल्या.

हे ऐकून सामाजिक कराराचा सिद्धांत शिकवणाऱ्या करारसरांचा चेहरा उजळला. त्यांचं शतक आता लागलं होतं. संमती तोंडानेच द्यावी लागते असं नाही, त्यांनी समजावलं. जो राज्याच्या रस्त्यावरून चालतो, त्याने ती दिलेलीच असते.

"विभागाचा पंखा वापरता ना?"

"वापरते."

"आणि चहा?"

बाईंनी कप घाईघाईने खाली ठेवला. पण एक घोट पोटात गेला होता.

दुसऱ्या चहाला प्रमुखांनी सर्वांच्या हिताचा मुद्दा काढला. विभागाचं हित बाईंनी शेवटचा तास घेण्यात आहे, आणि बाई विभागाचाच भाग आहेत. म्हणजे मनाच्या तळाशी बाईंनाही तोच तास हवा आहे. त्यांना ते अजून कळलेलं नाही, इतकंच. तेव्हा सक्ती करणं म्हणजे त्यांना स्वतंत्र करणंच होय. बाईंनी मनाच्या तळाशी प्रामाणिकपणे डोकावून पाहिलं. तिथे फक्त बूट घातलेली मुलगी होती.

मग एकोणिसावं शतक आलं आणि बाईंना मत मिळालं. टाळ्याही झाल्या. फक्त अडाण्यांच्या गर्दीने शहाण्यांना दडपू नये म्हणून दर पदवीमागे एक मत धरण्यात आलं. निकाल : बाईंच्या बाजूने दोन, विरुद्ध तेरा. (प्रमुखांची एक पदवी मानद होती. तिचं मत अर्धंच धरावं, ही करारसरांची सूचना तिसऱ्या चहाच्या कपांच्या खडखडाटात कोणाला ऐकू आली नाही.)

बाईंचा संयम सुटला. "सर, विसावं शतक कधी लागणार? माझी मुलगी वाट बघतेय!"

सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. भूक सगळ्यांनाच लागली होती, त्यामुळे विसावं शतक चर्चेविना मंजूर झालं. माणशी एक मत. शेवटचा तास कोणी घ्यावा यावर चौघांनी मतं दिली आणि चारही नावांना एकेक मत पडलं. कोणीही स्वतःला मत दिलं नव्हतं, याबद्दल प्रमुखांनी सर्वांच्या निःस्वार्थीपणाची नोंद घेतली. पण तास तिथेच पडून राहिला.

तेव्हा बाई नागरिक म्हणून पहिल्यांदाच बोलल्या. "एक तारखेपासून ते तासिका तत्त्वावरचे नवे सर येतायत ना?"

मग ग्रीकसर उठले आणि त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. "आता तुम्ही खऱ्या अर्थाने विभागाच्या झालात!" ठराव एकमताने संमत झाला. (नव्या सरांच्या अर्जात जुळ्या मुलांचा आणि सकाळच्या तासांच्या विनंतीचा उल्लेख होता. तथापि ते सभेस गैरहजर होते.)

एक तारखेला बाई चारच्या आत पाळणाघरात पोहोचल्या. मुलगी पायात एकच बूट घालून धावत आली आणि ओरडली, "आई, आज मी पहिली!" ताईंनाही हसू आलं. बाईंनी लेकीला उचलून घेतलं आणि डोळे पुसले.

वाचून तुम्हालाही बरं वाटलं ना? जुळ्यांना त्या दिवशी घरी कोणी आणलं, हे तुम्ही विचारलं नाहीत. विभागाने तुमचंही मत ठरावाच्या बाजूने धरलं आहे.