सुगनचंदशेठ पापड सोडतात

धरणगावच्या सुगनचंदशेठनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी निरोगी राहायचं ठरवलं, आणि त्याचा त्रास पहिल्या दिवसापासून त्यांच्या बायकोला, मोहनबाईंना सुरू झाला.

निमित्त साधंच होतं. जैन स्थानकातल्या आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी शेठचा रक्तदाब पाहून भुवया उंचावल्या आणि हातात एक पत्रक दिलं. मीठ कमी, साखर कमी, तळलेलं बंद, रोज चालणं. शेठनी ते जेवणाच्या जागेसमोर भिंतीला चिकटवलं. (जेवताना मोहनबाईंची पाठ त्या भिंतीकडे असे, त्यामुळे त्यांना ते वाचायचा प्रसंग आला नाही.)

दुसऱ्या दिवशी ताटात पापड, शेव, लोणचं, लाडू, काहीच नव्हतं.

"हे काय?" शेठनी विचारलं.

"तुम्हाला बंद ना?"

"मी बंद केलंय. तू वाढायचं. समोर नसेल तर मी सोडलं काय?"

दुकानदार माणूस, त्यागालाही माल समोर लागतो. तेव्हापासून दोन्ही वेळा पापड तळले जात, मूठभर शेव, लोणच्याची फोड, बुंदीचा लाडू ताटात येई. शेठ पत्रकाकडे बघत एकेक जिन्नस बोटानं बाजूला सारत, "आज हेही सोडलं" म्हणत आणि खिचडी खाऊन उठत. दुकानात पावशेर साखर घेणाऱ्याला वर उपदेश फुकट मिळे.

आता ताटात उरलेल्याचं काय करायचं? मोहनबाई ताट धुऊन ते पाणीसुद्धा पिणाऱ्या घरातल्या. अन्न टाकणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. एकदा त्या ते दारातल्या गायीपुढे ठेवायला निघाल्या, तर शेठ ओट्यावरून ओरडले, "तळलेलं, खारट गायीला घालतेस? मुकं जनावर आहे, आजारी पडेल."

मोहनबाईंनी ताट परत आत नेलं आणि स्वतः खाऊन टाकलं. पुढे तो रोजचाच नेम झाला.

आठ महिन्यांत शेठचा पट्टा दोन भोकं आत गेला. मोहनबाईंच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेण्याचा नियम त्यांनी तीस वर्षं पाळला होता. आता दिवस मावळला की घसा कोरडा ठक्क पडे, आणि त्या तशाच बसून राहत.

"मन कच्चं झालंय तुझं," शेठ म्हणाले, "माझ्याकडे बघ जरा."

(सांगतानासुद्धा संताप येतो, पण माणूस खरोखर असंच म्हणाला.)

एके सकाळी सरकारी दवाखान्यातल्या नर्स शिल्पाताई घरोघरी तपासणी करत आल्या. शेठनी आधी स्वतःचा हात पुढे केला. रक्तदाब उत्तम, साखर एकशे आठ. "फोटो काढा," शेठ म्हणाले, "लोकांना दाखवायला होईल. ऐकलं का, चहा आण. माझा बिनसाखरेचा."

"चहा राहू द्या. अक्का, तुम्ही बसा," शिल्पाताई म्हणाल्या.

मोहनबाईंची साखर निघाली चारशे बारा.

"मशीन बिघडलं," शेठ म्हणाले.

शिल्पाताईंनी शेठचं बोट पुन्हा टोचलं. एकशे आठ.

"मशीन चांगलं शे, शेठ." मग त्या मोहनबाईंकडे वळल्या. "अक्का, दिवसभरात काय काय खाता ते बठ्ठं सांगा."

मोहनबाईंनी थोडा विचार केला. "यांनी सोडलं ते," त्या म्हणाल्या.

"मग गायीला घालायचं होतं ना," शिल्पाताई म्हणाल्या.

"हे म्हणाले, गाय आजारी पडेल."

शेठ चपला शोधायला बाहेर गेले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

जळगावच्या दवाखान्यात मोहनबाई पाच दिवस होत्या. उजवा डोळा वाचला. डाव्याची नजर गेली ती गेलीच, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर शेठनी शेवेचा, पापडांचा, लाडवांचा डबा स्वतः उचलून शेजाऱ्याकडे पोचवला आणि ताटावर बसताना घसा साफ केला.

"आजपासून यातलं काही घरात आणायचंच नाही. तुझ्यासाठी सोडलं मी."

मोहनबाई आज पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. उरलेल्या डोळ्यानं त्यांनी पत्रक वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "पण समोर नसेल तर तुम्ही सोडलं काय?"