दाऊदभाईंच्या मिरच्या

दाऊदभाईंच्या घरी गेलेल्या माणसाला बसायला सांगण्याआधी मिरची मिळत असे. अख्खी नव्हे. दाऊदभाई ओसरीवरच्या एखाद्या झाडाची मिरची तोडत, अडकित्त्याने तिची नखाएवढी चकती काढत आणि पाहुण्याच्या तळहातावर ठेवून म्हणत, "जिभंवर धरा. लगेच गिळू नका. आता सांगा, कुटं लागती? शेंड्याला का घशाला?"

उत्तर मिळेपर्यंत पाण्याचा तांब्या पुढे येत नसे. आधी पाणी प्यायलं की साक्ष बिघडते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पोस्टमन त्यांची पत्रं रस्त्यावरूनच ओरडून कुंपणात खोचून जाई. देवी टोचायला सरकारी माणूस आला की आमच्या आळीतली माणसं मागच्या दाराने पसार होत. पण दाऊदभाईंच्या घरी गेलेला तो माणूस स्वतःच पुढच्या दाराने पसार झालेला मी पाहिला आहे.

मी तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत मास्तर होतो. वलवणच्या रस्त्याला दोन खोल्या घेऊन मी आणि माझी बायको सुशीला राहत होतो. शेजारचं घर दाऊदभाईंचं. मध्ये शेराच्या झुडपांचं कुंपण. हाकेच्या अंतरावर राहणारा आणि नोकरीमुळे पळून जाऊ न शकणारा साक्षीदार म्हणून दाऊदभाईंना माझी फार किंमत होती. आमच्या घरी सोवळंओवळं असे. पण झाडावरची कच्ची मिरची शुद्ध असते असा निकाल माझ्या आईने एकदा राहायला आली असताना देऊन ठेवला होता. पुढे मी त्यांच्याकडे जेवूही लागलो. त्याबद्दलचा निकाल मात्र मी आईकडे मागितला नाही.

दाऊदभाई रेल्वेत सांधेवाले होते. रूळ बदलण्याचा दांडा ओढण्यात त्यांची तीस-बत्तीस वर्षं गेली. उंच, हडकुळा माणूस, पांढरी दाढी, उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली उतरलेला. पेन्शनीत निघाले तरी बोलणं रेल्वेचंच राहिलं. लांबलचक, दिसायला दांडगी आणि चवीला पोचट मिरची म्हणजे मालगाडी. लवंगी म्हणजे मेल. गाडीला लाल म्हणजे थांब, मिरचीला लाल म्हणजे निघ, हे ते मला दर हंगामात एकदा तरी समजावून सांगत. एखादं फळ पिकलं की कुंपणाशी येऊन गंभीरपणे म्हणत, "मास्तर, सिगनल पडला. या."

आता लोणावळ्यात मिरची लावणं हाच मुळात एक वेडेपणा. मिरचीला ऊन लागतं आणि पाणी बेताचं. आमच्याकडे चार महिने आकाश जमिनीला टेकलेलं. भाताशिवाय काही उभं राहत नाही. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी त्यांना हे अनेकदा सांगितलं होतं. दाऊदभाई सगळं ऐकून घेत आणि पुन्हा घासलेटचे रिकामे डबे गोळा करीत. माझ्या वेळी असे सव्वीस डबे होते. ऊन पडलं की सव्वीसच्या सव्वीस अंगणात, ढग आला की ओसरीवर, झड लागली की घरात. पावसाळ्यात त्यांच्या बाजेवर मिरच्या असत, कोनाड्यात मिरच्या असत, आणि नवराबायको चुलीपाशी जागा करून बसत. धुकं फार दाटलं की दाऊदभाई झाडांसाठी शेगडी पेटवत. एकदा मी ओल्या कपड्यांनी त्या शेगडीपाशी हात शेकायला गेलो, तर त्यांनी मला हळूच बाजूला सरकवलं. मागे एक झाड होतं, आणि मी आड आल्यामुळे त्याला ऊब मिळत नव्हती.

बी मिळवण्याची त्यांची तऱ्हाही रेल्वेचीच. घाटासाठी जास्तीचं इंजिन लावायचं किंवा काढायचं म्हणून लोणावळ्याला गाड्या जरा रेंगाळतात. तेवढ्या वेळात दाऊदभाई तिसऱ्या वर्गाच्या खिडक्यांवरून चालत जात आणि आत डोकावून विचारत, "मिरची?" फलाटावर फिरणारा माणूस काहीतरी विकत असणार अशी प्रवाशांची समजूत. ते म्हणत, नको. दाऊदभाई म्हणत, नको कसं, मला पाहिजे आहे. या घोटाळ्यातून बहुतेक वेळा त्यांना काहीतरी मिळे. धारवाडकडच्या बाईने फराळाच्या डब्यातली मिरची दिली, मद्रासकडच्या एका कुटुंबाने लोणच्यातली काढून दिली. लोणच्यातलं बी उगवत नाही हे ठाऊक असूनही ती त्यांनी पेरली होती. इतक्या लांबून आलेल्या बीला संधी न देणं त्यांना बरं वाटेना.

आणि एवढं सगळं करणारा हा माणूस स्वतः मिरची खात नसे. हे मला कळायला वर्ष लागलं. त्यांच्या ताटात पिवळं वरण, भात आणि गुळाचा खडा. विचारलं तर पोटाचं जुनं दुखणं आहे एवढंच सांगत. पिकलेल्या मिरच्यांचा ठेचा, चटणी, भरून तळलेल्या मिरच्या, सगळं त्यांची बायको जैतूनबी करी आणि तीच खाई. ती बुटकी, अबोल, कामात गुंतलेली बाई. आम्ही दोघं तिला मावशी म्हणत असू. ती निमूटपणे जेवे, आणि दाऊदभाई समोर बसून तिच्या तोंडाकडे पाहत राहत. मला वाटे, आपल्या मालाचं कौतुक ऐकायची हौस असेल.

एका वर्षी गाडीतल्या एका फौजी शिपायाने त्यांना आसामच्या बाजूची एक सुकी मिरची दिली. बोटाच्या पेराएवढी, सुरकुतलेली. देताना त्याने सांगितलं की हिचा हात डोळ्याला लावू नका, आणि शक्यतो हिला मातीतही लावू नका. दाऊदभाई ती दोन्ही तळव्यांत धरून घरी आले. पहिल्या वर्षी एकही बी उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी उरलेल्या बिया ओल्या फडक्यात बांधून चुलीमागे ठेवल्या आणि रोज उघडून पाहिल्या. एकीला कोंब आला. त्या एका झाडाने उन्हाळा, पावसाळा आणि दाऊदभाईंची काळजी हे तिन्ही सोसून गणपतीनंतर चार मिरच्या धरल्या.

सिगनल पडला तेव्हा मी शाळेत निघालो होतो. उशीर होतोय म्हणालो. ते म्हणाले, चालता चालता साक्ष द्या. मी चकती जिभेवर ठेवली आणि पन्नास पावलं काहीच झालं नाही. मग जे झालं ते कुठे झालं हे सांगता येणार नाही, कारण शेंडा, घसा, कान, टाळू असं काही वेगळं उरलंच नाही. मी शाळेत पोहोचलो तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. हेडमास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात विचारलं, कोण गेलं? मी मान हलवली. धक्का मोठा आहे असं समजून त्यांनी मला रजा दिली, आणि माझा वर्ग दोन मिनिटं उभा राहिला. दुसऱ्या दिवशी खुलासा करता करता माझी पुरेवाट झाली.

त्या दिवशी संध्याकाळी मी चिडूनच दाऊदभाईंकडे गेलो. तुम्ही स्वतः कधी जिभेला लावत नाही आणि गावाला छळता, हे काय आहे, असं विचारलं. जैतूनबी विहिरीवर गेली होती. दाऊदभाईंनी मला बसवलं, या खेपेला मिरचीशिवाय. बाजेच्या सुंभाशी चाळा करीत ते बोलू लागले.

"मानमोडीच्या तापाची साथ आलती ना, मास्तर, त्या साली आमची दोन पोरं गेली. आठ दिसांत. ही वाचली. पर तोंडाची चव गेली हिची. गूळ खाल्ला काय न् माती खाल्ली काय, सारखंच. दोन वर्सं ही नुसती पोटात ढकलायची. बोलायची न्हाई, रडायची न्हाई. एक दिवस कालवणात लवंगी मिरची आली दाताखाली, आन् ही म्हनली, 'हं'. एवढंच. पर म्हनली. त्या दिवशी मी पयला डबा लावला."

मग त्यांनी सांगितलं की लवंगीची सवय झाली की ती लागेनाशी होई, म्हणून तिच्याहून तिखट शोधायची, मग त्याहून तिखट. स्वतःला सोसत नाही, म्हणून लोकांना विचारायचं. उद्या पुन्हा चकती द्या, असं म्हणून मी उठलो.

रविवारी दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. उरलेल्या तीन मिरच्यांचा ठेचा व्हायचा होता. जैतूनबीने त्या लसणीबरोबर तव्यावर टाकल्या आणि दोन मिनिटांत आम्ही सगळे अंगणात आलो. कुंपणापलीकडे सुशीला शिंकत होती. रस्त्यावरच्या गाडीवानाने बैल थांबवून, आग लागलीय का म्हणून विचारलं. धूर निवळल्यावर जैतूनबीने तव्यावरच तांब्याच्या बुडाने मिरच्या रगडल्या, मीठ घातलं, भाकरीच्या तुकड्याला बोटभर ठेचा लावला आणि तोंडात घातला. ती चावत होती. तिचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी गालांवर उतरलं.

"लागलं?" दाऊदभाईंनी विचारलं.

"लागलं," ती म्हणाली. "आज लय दिसांनी चांगलं लागलं."

दाऊदभाई उठून ओसरीवर गेले आणि आमच्याकडे पाठ करून, काही गरज नसताना, एका झाडाची माती सारखी करू लागले. मीही धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, आणि मी ठेचा खाल्ला नव्हता.

घरी येऊन मी सगळी हकिगत सुशीलेला सांगितली. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "चव गेली म्हणता? मग मागच्या होळीला मी पुरणपोळी दिली तेव्हा, जायफळ जरा जास्त झालं, असं त्या मला कसं म्हणाल्या?"

मग तिने आणखी सांगितलं की आमच्या आमटीत आमसुलं घालण्याऐवजी चिंच घाल, हेही मावशींनीच तिला सुचवलं होतं. मला याचा उलगडा होईना आणि चैनही पडेना. कुणीतरी कुणाला तरी फसवत होतं, आणि वर्गात अश्रू ढाळून मी त्यात सामील झालो होतो.

दोन दिवसांनी संध्याकाळच्या गाडीला दाऊदभाई स्टेशनवर गेलेले पाहून मी कुंपणाशी गेलो. जैतूनबी हाताला तेल लावून मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मी आडून आडून जायफळाचा विषय काढला. तिने हातातली मिरची सुपात टाकली, रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज न चढवता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

चव परत आली होती. हळूहळू, आधी मीठ, मग गूळ, मग सगळंच. दाऊदभाई पेन्शनीत निघाले त्याच सुमाराला. तेव्हाच त्यांना सांगायचं तिच्या मनात होतं. पण ते दिवस वाईट होते. ते सकाळपासून पायरीवर बसून असत. घाटात शिट्टी झाली की उठून उभे राहत, हात पुढे जाई, मग तिथे दांडा नाही हे ध्यानात येऊन खाली बसत. जेवताना मात्र विचारीत, आज काही लागलं का, आणि उद्यासाठी कुठली मिरची बघायची ते ठरवीत. तेवढ्यापुरते ते पहिल्यासारखे दिसत.

"मी म्हनलं, आता सांगून काय करायचं," ती म्हणाली. "ह्ये डबे गेले तर त्यांनी दिसभर बघायचं कुनाकडं?"

सहा वर्षं ती तो जाळ गिळत होती. मला त्या पन्नास पावलांनंतरची शाळेपर्यंतची वाट आठवली. मी विचारलं, "पण मावशी, परवाचा तो ठेचा? तो तुम्हाला केवढा लागला असेल."

"लागनारच की. डोळ्यातनं पानी येतं, त्यांना वाटतं हिला बरं वाटलं." तिने सूप जवळ ओढून पुन्हा देठ खुडायला सुरुवात केली. "त्येबी काय खोटं न्हाई, मास्तर."